सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) आणि बाकीच्या थेरपीत फरक काय? पहिल्यांदा गेल्यावर काय होतं?

सीबीटीत आजच्या अडचणीवर काम होतं. ‘मैत्रिणीने फोन उचलला नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं’ हा विचार वहीत लिहायचा, मग शेजारी त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे. घरचा अभ्यास असतोच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. साधारण ६ ते २० बैठका लागतात. सायकोडायनॅमिक थेरपी बालपणाचे, जुन्या नात्यांचे धागे उकलते, म्हणून ती बरेचदा वर्षभरही चालते. जोडप्यांसाठी, कुटुंबासाठी वेगळी थेरपी असते.

पहिली बैठक बहुतेक प्रश्नोत्तरांतच जाते. रडू आलं तर येऊ द्या. सुरुवातीला घरी परतताना मन आणखी जड होऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवते. ३-४ बैठकांनंतरही मोकळं बोलता येत नसेल, तर थेरपिस्टला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर खुशाल बदला.