नव्या गाडीचं इंजिन 1.2 लिटर साधं पेट्रोल, टायर 185/65 आर15 (रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची). डिलिव्हरी घेतानाच 195/65 टाकून घेऊ का?

नको, कंपनीचे टायर झिजेपर्यंत वापरा. टर्बो नसलेल्या या इंजिनांचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण 110 ते 115 न्यूटन-मीटर असतो, आणि मायलेज साधावं म्हणून कंपनी मुद्दाम हलके, सहज फिरणारे टायर देते. 195/65 बहुधा जड निघतो. शिवाय व्यास 621.5 वरून 634.5 मिलिमीटरवर जातो, म्हणजे सुमारे 2 टक्के जास्त. तेवढं गिअरिंग लांबतं (चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण ओढ कमी पडते), भरलेली गाडी घाटात लवकर दुसऱ्या गिअरवर घ्यावी लागते, स्पीडोमीटर आणि ओडोमीटर पूर्वीपेक्षा कमी दाखवतात. ‘मायलेज पडलं’ या तक्रारीतला थोडा भाग तर या ओडोमीटरचाच असतो! पुढे ग्रिप वाढवायचीच झाली तर त्याच मापात चांगला टायर घ्या, किंवा 195/60 आर15 (व्यास 615). लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. डिलिव्हरीच्या वेळी एवढं पाहा:

- टायरवरचे शेवटचे चार आकडे: 2325 म्हणजे 2025 चा 23वा आठवडा.
- स्टेपनीचं माप. ती बऱ्याचदा 14 इंची असते.
- टायरचं वॉरंटी कार्ड, कारण दावा सहसा टायर कंपनीकडेच करावा लागतो.

मात्र बुकिंग अजून बदलता येत असेल आणि पाच जण घेऊन घाट नेहमीचाच असेल, तर टायरचे पैसे 1.0 लिटर टर्बो इंजिनाकडे वळवा. तिथे साधारण 150 ते 180 न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल मात्र जास्त पितं.