वाचकांचे प्रश्न: मूळ गावी जुळून येणारे योगायोग

प्रश्न: आमचे खापरपणजोबा गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर म्हणून मुंबई बंदरातून मॉरिशसला आले. पुढच्या वर्षी आम्ही दोन आठवडे कोकणात येतोय. आमच्या आधी जाऊन आलेले सांगतात, एसटीत शेजारी बसलेलाच भावकीतला निघाला, देवळात सहज विचारलं तर घर सापडलं. असा योग यावा म्हणून आधी काय करावं?
एक वाचक, मॉरिशस

उत्तर: असे योग खरोखर येतात, आणि त्यांना कारण आहे. कोकणात एकेक वाडी बहुधा एकाच भावकीची असते. नेमक्या वाडीत पोचलात की दुसरा-तिसरा भेटणारा माणूस नात्यातला निघण्याची शक्यता मोठी. तेव्हा सगळी मेहनत घ्यायची ती वाडी शोधायला, आणि ती मॉरिशसमध्येच सुरू करायची.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. स्वतःपासून मागे जन्म-विवाहाच्या दाखल्यांची साखळी जोडून न्या आणि पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मागा. त्यात क्रमांक, जहाज, वडिलांचं नाव, जात, वय, उंची, गाव आणि जिल्हा असे रकाने असतात. वय अंदाजाने लिहिलेलं असतं, त्यावर फार विसंबू नका. आज तुम्ही आडनाव म्हणून लावता ते पुष्कळदा त्या पूर्वजाचं स्वतःचं नाव असतं. त्यामुळे गावात ‘रामजी’ आडनावाचं घर शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. वडिलांचं नाव, जात आणि गाव हे तीन धागे धरा.

गावाचं नाव लेखनिकाने कानाला लागलं तसं लिहिलेलं आहे. ते मोठ्याने वाचा आणि ट-ठ, ब-भ, ल-ळ आलटून पालटून बघा. एकाच नावाची गावं तीन तालुक्यांत असतात, शिवाय बुद्रुक आणि खुर्द वेगळे. म्हणून उताऱ्यात तालुका किंवा परगणा दिसला तर तो आधी उतरवून घ्या. जिल्हा ‘रत्नागिरी’ असेल तर आजचा सिंधुदुर्गही तपासा. तो 1981 मध्ये वेगळा झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरीतच होते. सावंतवाडी मात्र निराळं संस्थान होतं.

यायची वेळ शिमग्याची किंवा गणपतीची ठेवा. चाकरमानी मुंबईहून गावी आलेले असतात, शिमग्यात पालखी घरोघर फिरते, आणि कुठला मान कोणत्या घराचा हे गुरवाला व गावकऱ्यांना तोंडपाठ असतं. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि या दिवसांत ते लगेच भरतं. सणाला जोडून पुढचे निदान चार कामाचे दिवस हाताशी ठेवा, कारण सरकारी कार्यालयं शनिवार-रविवार बंद असतात. निघण्याआधी त्या गावाच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाला मराठीत एक पानभर मजकूर आणि उताऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. ‘आम्हाला जमिनीत हिस्सा नको, फक्त माणसं भेटायला हवीत’ हे त्यात पहिल्याच ओळीत लिहा. परदेशातून कोणी वंशावळ विचारायला आला की वाटणीची भीती वाटते आणि बोलकी माणसंही गप्प होतात.

प्रश्न: तहसील कार्यालयात सातबारा मागायचा का?

उत्तर: सुरुवात त्याने नको. खोतीच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या खोताच्या ताब्यातल्या गावांत कष्टकऱ्यांच्या नावावर जमीन नसणं नेहमीचंच होतं. आधी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14 मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव आणि वर्षं सांगून मागा. तुमचे पूर्वज त्यात बहुधा नसतीलच, ते आधीच गेलेले. मागे राहिलेल्या भावाची किंवा पुतण्याची मृत्यूनोंद शोधा. तिथून वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसाच्या नावावर चढल्याची नोंद, आणि मग आजचं घर, असा रस्ता लागतो.

जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे नुसत्या नावाच्या तुकड्याचा फोटो मोडी वाचणाऱ्याला पुरत नाही. परवानगी घेऊन अख्खं पान, वरचा मथळा आणि पान क्रमांकासह टिपा, आणि लगतची दोन पानंही घ्या. त्याच माणसाचं अक्षर जितकं जास्त मिळेल तितकं वाचन खात्रीचं होतं.

प्रश्न: मॉरिशसहून आलेल्या पाहुण्यांच्या पूर्वजाचं आणि आमच्या खापरपणजोबांच्या भावाचं नाव एकच निघालं. घरात सगळे हरखलेत. एवढं पुरे का?

उत्तर: नाही. राघू, तुकाराम, विठू ही नावं वाडीवाडीत होती. वडिलांचं नाव, जात आणि गाव तिन्ही जुळायला हवं. पाहुण्यांनी आपल्या पूर्वजाचं नाव आधी सांगून टाकलं असेल तर तुमची ‘हो’ कमकुवत ठरते. घरातल्या दुसऱ्या एखाद्या वृद्धाला, पाहुण्यांबद्दल काही न सांगता, ‘आपल्यातलं कोणी दर्यापार गेलं होतं का, कुणाचा मुलगा?’ एवढंच विचारा. घरच्या वंशावळीत एखादी फांदी ‘परागंदा’ म्हणून थांबली असेल तर तो चांगला दुवा.

डीएनए चाचणी मदत करते, पण एवढ्या दूरच्या चुलत नात्यात जवळपास निम्म्या जोड्यांत जुळणारा भाग सापडतच नाही. न जुळणं म्हणजे नातं नसणं असं समजू नका. दोन्हीकडच्या आणखी दोघा-तिघांची करून बघा. दोन्ही बाजूंनी मुलग्यांचीच अखंड परंपरा असेल तर वाय गुणसूत्राची (जे बापाकडून फक्त मुलग्याकडे जातं) चाचणी अधिक उपयोगी. पण त्यात जुळलं तरी पुरुषपरंपरा एक एवढंच कळतं, सबंध भावकीत ते सारखंच असतं. कोण कुणाचा भाऊ हे कागदावरूनच ठरवावं लागेल.