कुंकू लाल कसं होतं?

प्रिय चिऊ,

परवा मंडळाच्या हळदीकुंकवाहून परत येताना तू विचारलंस, "आजी म्हणते कुंकू हळदीचंच करतात. मग हळद पिवळी आणि कुंकू लाल कसं? वरून रंग घालतात ना?" गाडी चालवता चालवता एवढं सगळं सांगता आलं नसतं, म्हणून लिहून देते. तेवढंच तुझं मराठी वाचणंही होईल.

आजीचं बरोबर आहे, आणि तुझी शंकाही अगदीच चूक नाही. आज बाजारात मिळणारं बरंचसं कुंकू म्हणजे पिठूळ भुकटीत कालवलेला कारखान्यातला रंग असतो. पण मूळ कुंकू हळदीचं, आणि त्यात लाल रंग म्हणून वेगळं काहीही घालत नाहीत. हळदच लाल होते.

हळदीच्या पिवळ्या रंगाला कर्क्युमिन म्हणतात. हळकुंडात ते शेकडा दोन ते पाच इतकंच, बाकी बराचसा भाग पिठूळ. तरी चिमूटभर हळदीत पातेलंभर वरण पिवळं होतं! ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हळद फोडणीत घातली की रंग खुलतो, आणि म्हणूनच तुझ्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण कितीही घासलं तरी पिवळं ते पिवळंच राहतं.

आता गंमत बघ. एखाद्या जुन्या पांढऱ्या फडक्याला हळदीचं बोट पूस आणि त्यावर कपड्याचा साबण चोळ. डाग जायच्याऐवजी विटकरी लाल होईल. त्यावर लिंबू पिळ, पुन्हा पिवळा. शाळेत तुमच्या बाईंनी लाल कोबीच्या पाण्याचा प्रयोग दाखवला होता ना, त्यातलाच हा प्रकार. आंबट पदार्थात कर्क्युमिन पिवळं राहतं. साबण, सोडा, चुना असलं काही भेटलं की त्याच्या रेणूतले हायड्रोजनचे कण निघून जातात, तो प्रकाशातला वेगळा भाग शोषायला लागतो आणि आपल्याला लाल दिसतो.

गेल्या मे महिन्यात तू आजीच्या जिन्यावरून पडलीस तेव्हा तिने घोट्याला काय लावलं होतं आठवतंय? हळद आणि चुना. वाटीत आधी पिवळी हळद, शेजारी बोटभर पांढरा चुना, वर थोडं पाणी. बोट फिरवायला सुरुवात केली की कडेने नारिंगी रेघा सुटतात, आणि दोन-चार वेढ्यांत सगळी वाटी लालभडक. तू तेव्हा रडत होतीस, नाहीतर तेव्हाच विचारलं असतंस.

मग कुंकू म्हणजे हळद आणि चुना, असं तू म्हणशील. तसंही करतात लोक. पण चुन्याने आलेल्या लाल रंगाचा भरवसा नसतो. घाम बहुधा किंचित आंबट असतो. उन्हाळ्यात कपाळावर घाम आला की तो रंग पिवळ्याकडे झुकणार. आणि खरी गोम अशी की जुन्या रीतीच्या कुंकवात लिंबाचा रस घालतात! आत्ताच मी सांगितलं की लिंबाने हळद पिवळी होते. मग?

इथे टाकणखार येतो, म्हणजे बोरॅक्स, एक पांढरा खनिज क्षार. हळकुंडं लिंबाच्या रसात भिजत घालायची, त्यात टाकणखार आणि थोडी तुरटी. रस आत मुरू द्यायचा, मग वाळवून कुटायचं आणि वस्त्रगाळ करायचं. टाकणखारात बोरॉन नावाचं मूलद्रव्य असतं. आंबटाच्या सोबतीत ते कर्क्युमिनला धरतं आणि दोघांचा मिळून एक नवाच लाल पदार्थ तयार होतो. चुन्याचा लाल रंग लिंबाने पळतो; हा लिंबातच जन्मलेला, तो लिंबाने कसा पळेल? रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एखाद्या पदार्थात बोरॉन आहे का हे बघायला हळदीत बुडवून वाळवलेला कागद वापरत आलेत. बोरॉन असलं की वाळल्यावर कागद तांबूस होतो. म्हणजे शास्त्रज्ञांनी कागदावर जी परीक्षा घेतली, ती आपल्याकडच्या बायका हळकुंडावर करत होत्या. त्यांना बोरॉन माहीत असायचं कारण नव्हतं. पण टाकणखार विसरला तर कुंकू रंगत नाही, हे पक्कं माहीत होतं. मला हे जास्त कौतुकाचं वाटतं.

देवळातल्या मारुतीला फासतात तो शेंदूर मात्र यात धरू नकोस. तो वनस्पतीचा नाही, शिशाचा असतो, आणि विषारी.

आणि सगळे पिवळे रंग एका जातीचे नसतात बरं का. दसऱ्याच्या झेंडूचा रंग ल्युटीनचा, तो गाजराच्या रंगाच्या कुळातला. त्याला साबण लावलास तरी तो असा लाल होणार नाही. प्राजक्ताच्या केशरी देठात मात्र केशराचाच रंग असतो, म्हणून पूर्वी त्या देठांनी कापड रंगवायचे. सोलकढीचा गुलाबी रंग आणखी तिसऱ्या घरचा. तो कोकमाच्या सालीतला, तुमच्या लाल कोबीचा सख्खा चुलतभाऊ. पुढच्या वेळी आगळाच्या दोन थेंबांत चिमूटभर खायचा सोडा टाकून बघ; फक्त ते कढीच्या पातेल्यात करू नकोस.

तुझ्या परकरावर हळद सांडली आहे, त्याची चिंता सोड. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. परकर धुऊन खिडकीत वाळत घातला आहे. या देशातलं ऊन ते केवढं, त्यामुळे सांगलीत एका दुपारीत जाणाऱ्या डागाला इथे आठवडा लागेल.

साबण-लिंबाचा प्रयोग शनिवारी करू. कुंकवाचा इथे जमणार नाही, कारण टाकणखार पोटात गेलेला चांगला नसतो आणि युरोपात तो साध्या गिऱ्हाइकाला विकतच नाहीत. मे महिन्यात सांगलीला गेलो की आजीच्या देखरेखीखाली करू. तिला आत्ताच फोन करून ठेव, म्हणजे ती हळकुंडं बाजूला काढून ठेवेल. आणि त्या दिवशी पांढरा फ्रॉक घालायचा नाही.

तुझी,
आई