खाऱ्या हवेत काडतुसाची पुंगळी कुठली?

प्रश्न : पॉइंट टूटूच्या (.22 बोअरच्या रायफलीच्या) सरावासाठी पितळी पुंगळी घ्यावी की स्टीलची? (रत्नागिरी)

पितळीच. हे पितळ साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. बार उडताच पुंगळी फुगून चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच आक्रसून सुटते. स्टील तेवढं लवचिक नाही. काजळी मागे येते, चेंबर चिकट होतो, पुंगळी अडकते. स्टीलवर लॅकर किंवा पॉलिमरचा थर असतो खरा, पण मॅगझिनमध्ये भरताना ओरखडा उठला की किनाऱ्यावर गंज तिथूनच धरतो. शिवाय पॉइंट टूटूचा बार पेटवणारा मसाला रिमच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या कडेच्या, घडीत असतो. फायरिंग पिनने रिम चेपली तरच तो पेटतो, म्हणून धातू मऊ लागतो.

प्रश्न : काळी पडलेली काडतुसं चिंचेने किंवा आमसुलाने घासली तर? (देवगड)

अजिबात नको. समईचं पितळ वेगळं, भरलेलं काडतूस वेगळं. आंबटाने पितळेतलं जस्त निघून जातं, लालसर डाग राहतात आणि पाणी गोळीच्या कडेने आत शिरतं. अमोनिया असलेलं पॉलिश त्याहून वाईट. ब्रिटिश लष्कराच्या हिंदुस्थानातल्या तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना पावसाळ्यात चिरा पडत. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया. गोठ्यालगतच्या खोलीत काडतुसं ठेवू नका, ते याचसाठी. नुसता काळपटपणा असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसून वापरा. हिरवा थर, खड्डा किंवा तोंडाशी केसाएवढी चीर दिसली तर ते काडतूस बाजूला काढा. तेलाचा हात फिरवू नका. तेल झिरपलं की मसाला निकामी होतो.

प्रश्न : बारा बोअरची (छऱ्याच्या बंदुकीची) जुनी कागदी काडतुसं सरावाला चालतील? (मालवण)

पावसाळ्यात कागद फुगतो, काडतूस चेंबरमध्ये पुरतं बसत नाही. ठोकून बसवू नका. प्लास्टिकची घ्या, पण तळाला चुंबक लावून पाहा. चिकटला तर ते पितळी मुलाम्याचं स्टील. गंज आधी तिथेच येतो.

प्रश्न : मग ठेवायची कशी? (अलिबाग)

रबरी कडा असलेल्या घट्ट डब्यात, सिलिका जेलसोबत. एसीतून आणलेला डबा लगेच उघडलात तर थंड पितळेवर दव धरतं. तासभर बंदच राहू द्या. ओलावलेलं काडतूस उडालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान 30 सेकंद थांबा आणि मगच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) उघडा.