तोल जायचा तो आधी कॉम्प्युटरवर जाऊ दे

प्रश्न : बाबांचं वय ७१, खुब्याचा सांधा बदलायचं ठरलंय. जो इम्प्लांट बसवणार आहेत त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय की 'कॉम्प्युटर सिम्युलेशनने तपासलेला'. हे वाचून धीर धरायचा का घाबरायचं तेच कळेना. कॉम्प्युटरमध्ये कुठलं आलंय हाड? आणि माणसांवर न तपासताच बसवतात की काय?

उत्तर : नुसत्या कॉम्प्युटरच्या भरवशावर कुणी बसवत नाही हो, प्रत्यक्ष मशीनवर घासून, वाकवून बघावंच लागतं. पण तुमची शंका अगदीच चुकीची पण नाही, कारण नवा सांधा जुन्या डिझाइनशी मिळताजुळता असेल तर अमेरिकेतसुद्धा दरवेळी पेशंटवर नव्याने ट्रायल मागत नाहीत. म्हणून तर ही आधीची तपासणी नीट झालेली असणं महत्त्वाचं.

आता हाड कुठून येतं ते. खऱ्या माणसाचा सीटी स्कॅन घेतात, स्कॅनमध्ये जिथे जास्त पांढरं तिथे हाड घट्ट, जिथे करडं तिथे पोकळसर, त्यावरून कुठला भाग किती कडक याचा आकडा मिळतो, मग त्या हाडाचे कॉम्प्युटरवर लाखो बारीक तुकडे पाडायचे, आत सांध्याचा धातूचा दांडा (मांडीच्या हाडात घालतात तो) बसवायचा, वरून भार द्यायचा आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण आला, तो किती हलला याचं गणित करायचं. हेच ते सिम्युलेशन, या पद्धतीला फायनाइट एलिमेंट म्हणतात आणि हाडांसाठी ते १९७० च्या दशकापासून वापरतायत, म्हणजे नवीन फॅड नाहीये.

भार किती द्यायचा हा आकडा पण हवेतून काढलेला नसतो. बर्लिनमध्ये बर्गमन आणि त्यांच्या टीमने सेन्सर लावलेले सांधे खऱ्या पेशंटना बसवून मोजमाप केलं. साधं चालताना खुब्यावर वजनाच्या साधारण अडीचपट जोर येतो आणि ठेचकाळून तोल गेला तर आठपटीच्याही वर! म्हणजे ७० किलोच्या माणसाचा पाय अडखळला की सांध्यावर क्षणभर साडेपाचशे किलोच्या वर. मला तर हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छापायला चुकलाय असंच वाटलेलं.

मग बघायचं काय? दांडा मोडेल का हे तर आहेच, पण सिमेंट न लावता बसवलेल्या दांड्यात खरी मेख असते ती हलण्याची. दांडा हाडात साधारण ४० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हलला तर हाड त्याला धरून वाढतं, १५० च्या पुढे गेला की हाडाऐवजी मऊ पेशींचा थर बसतो आणि सांधा ढिला राहतो. दुसरी भानगड म्हणजे टायटॅनियमचा मिश्रधातू हाडापेक्षा सहासात पट कडक, कोबाल्ट-क्रोमचा त्याहून दुप्पट, त्यामुळे सगळा भार दांडाच उचलतो आणि आजूबाजूच्या हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेलं हाड झिजत जातं. या दोन्ही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत, कॉम्प्युटरवर मात्र आधीच कळू शकतात.

आणि वेळेचा हिशोब बघा. झीज मोजणाऱ्या मशीनवर सांधा ५० लाख वेळा फिरवतात, सेकंदाला एक फेरा, म्हणजे न थांबता चालवलं तरी जवळजवळ ५८ दिवस, शिवाय मधे मधे थांबवून झीज मोजायची, वंगणाचा द्रव बदलायचा. एका डिझाइनच्या दहाबारा साइझ असतात, प्रत्येकाला कोण दोन दोन महिने देणार? मग कॉम्प्युटरवर सगळ्या साइझ चालवून सगळ्यात कमकुवत कोण ते शोधतात आणि तोच मशीनवर चढवतात.

पण सिम्युलेशन तुम्ही विचाराल तेवढंच सांगतं. डेप्यू कंपनीचा एएसआर सांधा आठवतोय का, २०१० मध्ये जगभरातून परत मागवला, साधारण ९३ हजार बसवून झाल्यावर. धातूवर धातू घासणारा सांधा, त्यात वाटी (कमरेच्या हाडात बसते ती) उथळ, जरा जास्त तिरपी बसली की दांड्यावरचा गोळा तिच्या कडेवर घासायचा आणि धातूचा बारीक चुरा शरीरात जायचा. वाटी नीट कोनात ठेवून तपासलं तर सगळं छानच दिसणार ना! ऑपरेशनमध्ये मात्र कोन थोडाफार इकडेतिकडे होतोच, सर्जन पण माणूसच आहे. असं कडेवर घासणं मशीनवर कसं तपासायचं याचं आंतरराष्ट्रीय मानक २०१८ साली आलं, म्हणजे किती उशिरा बघा. माझ्या मते कॉम्प्युटरचा खरा फायदा इथेच आहे, वाटी तिरपी करा, हाड ठिसूळ करा, माणूस जाड करा, ठेच लागू द्या, शंभर वेळा बिघडवून बघा, कुणाचाही पाय जात नाही.

म्हणून माहितीपत्रकातल्या त्या ओळीवर फार जाऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, हा सांधा किती वर्षं वापरात आहे आणि १० वर्षांनी किती जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं? स्वीडनने १९७९ पासून अशा नोंदी ठेवल्यात, इंग्लंडमध्ये २००३ पासून आहेत, चांगल्या सर्जनला हा प्रश्न खटकणार नाही.

प्रश्न : आईच्या ऑपरेशनआधी तिचा सीटी काढून कॉम्प्युटरवर 'प्लॅनिंग' केलं. मग तिच्या हाडावर हे सगळं ताणाचं गणित झालं असेल ना?

उत्तर : बहुतेक नाही. ते प्लॅनिंग वेगळं, त्यात कुठली साइझ बसेल, वाटी किती कोनात ठेवायची, दोन्ही पाय सारख्या लांबीचे होतील का एवढं बघतात. ते पण कामाचंच आहे, पण दांडा हाडात किती हलेल हे त्यातून कळत नाही. एकेका पेशंटसाठी ताणाचं गणित करणं अजून मुख्यतः संशोधनातच चालतं. आणि समजा केलंच असतं, तरी आईला चालताना काठी धरायला सांगितलंय ती धरायचीच, ते आठपटीचं लक्षात आहे ना.