औषध संशोधनासाठी १०,००० संयुगांची लायब्ररी स्वस्तात स्वस्त कुठे मिळेल?

तुम्ही खाली तपशिलात लिहिलंय की पुण्यातल्या कॉलेजात स्क्रीनिंग (हजारो संयुगं चाचणीत तपासून औषधाचा धागा शोधणं) सुरू करायचंय, निधी एकदाच मिळणार आहे, आणि ‘पुरवठादार शुद्धतेचं सर्टिफिकेट देतोच, म्हणून तपासणीचा खर्च धरलेला नाही’. पुरवठादाराचं नंतर बघू. आधी या शेवटच्या वाक्याचा समाचार घेतो, कारण खरेदी समितीत हेच वाक्य ऐकून माझे कान किटलेत.

बोसुटिनिब घ्या. ल्युकेमियावरचं, किनेज नावाच्या विकरांना रोखणारं औषध, अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या निकोलस लेव्हिन्सन आणि स्टीव्हन बॉक्सर यांनी दाखवून दिलं की प्रयोगशाळांना ‘बोसुटिनिब’ म्हणून विकली जाणारी पावडर बऱ्याच ठिकाणी बोसुटिनिब नव्हतीच. रेणूच्या एका टोकाला अ‍ॅनिलिनचं कडं असतं. खऱ्या औषधात त्यावर क्लोरीन २ आणि ४ या जागांवर आणि मिथॉक्सी ५ वर. विकलेल्या मालात क्लोरीन ३ आणि ५ वर, मिथॉक्सी ४ वर. सूत्र तेच, वस्तुमान तेच. म्हणजे एलसी-एमएसवर (मिश्रण वेगळं करून वस्तुमान मोजणारं यंत्र) बरोबर वस्तुमानाचं एकच देखणं शिखर, आणि सर्टिफिकेट निर्मळ. शेजारी खरा नमुना चालवला नाही तर धारणकाळातला (संयुग यंत्राच्या स्तंभातून बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेतला) फरकही कळणार नाही. प्रोटॉन एनएमआरवर (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणारी चाचणी) मात्र लपायला जागा नाही. चुकीच्या समघटकात (तेच अणू, जोडणी वेगळी) त्या कड्यावरचे दोन हायड्रोजन सममित, म्हणून दोन प्रोटॉनचा एकच सिग्नल. खऱ्यात एकेका प्रोटॉनचे दोन वेगळे सिग्नल. बघायला पाच मिनिटं लागतात. आणि तो समघटकही किनेजला बऱ्यापैकी चिकटत असल्याने असेमध्ये (संयुगाचा परिणाम मोजणाऱ्या चाचणीत) कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

टीआयसी१० या कर्करोगविरोधी संयुगाची गत उलटी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संग्रहातला नमुना चांगला काम करत होता, पण नोंदीतली रचना सरळ जोडणीची आणि बाटलीतला रेणू कोनात जोडलेला. पेटंटही सरळ रचनेवरच निघालं. २०१४ मध्ये स्क्रिप्सच्या किम जांडा यांच्या गटाने नोंदीप्रमाणे रेणू बनवला, तेव्हा तो निष्क्रिय निघाला, आणि पुढे मालकीवरून वाद. एवढ्या मोठ्या संग्रहात जे होतं ते तुमच्याकडे होणार नाही, असं समजू नका.

सर्टिफिकेट हे त्यांच्या गोदामातल्या त्या बॅचचं, त्या तारखेचं असतं. तुमच्या नळीत आज काय आहे याची जबाबदारी कुणीच घेतलेली नसते. ती घ्यायची तर खर्च किती? १०,००० पैकी ५ टक्के म्हणजे ५०० नमुने, प्रत्येकी ३ मिनिटांचा एलसी-एमएस रन: मशीनचे २५ तास. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा. नमुने सरसकट उचलू नका. प्रत्येक पुरवठादाराचे वेगळे, जुन्या बॅचचे जास्त. यूव्ही शोधकाबरोबर ईएलएसडी (विखुरलेल्या प्रकाशावरून संयुग टिपणारा शोधक) जोडा, कारण काही संयुगं यूव्हीत दिसतच नाहीत. हिट (चाचणीत परिणाम दाखवणारं संयुग) आलं की ते शंभर टक्के तपासायचं, एनएमआरसकट, आणि प्लेटमधून (द्रावणं ठेवायच्या खळग्यांच्या तबकडीतून) नव्हे तर नव्या पावडरीतून पुन्हा.

आता माल आल्यावरचं. स्टॉक (संयुगाचं साठ्याचं द्रावण) डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर, हे गृहीत धरतो. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो आणि हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठासारखा. पाणी शिरलं की आकारमान वाढून स्टॉक पातळ होतो, अविद्राव्य संयुगं तळाशी बसतात आणि गोठणबिंदू घसरतो. उणे २० च्या फ्रीजरमधून प्लेट काढल्यावर मधल्या वेल (प्लेटमधले खळगे) पांढऱ्या, घट्ट आणि काठच्या वेल पातळच राहिलेल्या दिसल्या, तर सील काठाने उचललेलं आहे. त्या ओळींचे निकाल बाजूला ठेवा.

म्हणून जुलैत गार प्लेटचं सील लगेच उघडायचं नाही. सीलबंदच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एसी १८ वर असेल तर डीएमएसओ वितळणारच नाही. खोली २३-२४ ला ठेवा, आणि वितळवायला ४ अंशांच्या फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका. पूर्ण वितळल्यावर हलवून एकजीव करा, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १,००० जी वर मिनिटभर फिरवून सीलला चिकटलेले थेंब खाली आणा. फेरी झाली की नवं सील. एकदा सोललेलं सील परत दाबून बसवणारा माणूस प्रत्येक प्रयोगशाळेत असतो. त्याला प्लेटला हात लावू देऊ नका. कोझिकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात डीएमएसओमध्ये खोलीच्या तापमानाला ठेवलेलं संयुग सापडण्याची शक्यता ३ महिन्यांनी ९२ टक्के, ६ महिन्यांनी ८३ आणि वर्षाने ५२ टक्के होती.

क्षाराचा घोळ तर सगळीकडे. समजा मुक्त बेसचा (क्षार न झालेल्या मूळ रेणूचा) रेणुभार ३५० आहे आणि नळीत आलंय डायहायड्रोक्लोराइड, म्हणजे ४२३. ३५० धरून स्टॉक केला तर १० च्या जागी ८.३ मिलिमोलर होतो. दोन टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल) असतील तर ६.१. पुरवठादाराच्या एसडीएफ फाइलमध्ये (संयुगांच्या रचनांची यादी) क्षाराचा रकाना आणि बॅच क्रमांक नसेल तर फाइल परत पाठवा. क्षार काढून इनचाय-कीची (रचनेवरून तयार होणाऱ्या ओळखखुणेची) पहिली १४ अक्षरं जुळवा. वेगवेगळ्या क्रमांकांनी विकलेला तोच सांगाडा दोनदा विकत घेतलेला सापडेल. पावडर तोलताना ठरवलेलं वजन गाठायचा हट्ट नको. पडेल तेवढी तोला आणि डीएमएसओ त्यानुसार घाला: रेणुभार ४०० असेल तर ५ मिग्रॅला १.२५ मिली.

३८४ वेलच्या प्लेटमध्ये १, २, २३, २४ हे स्तंभ कंट्रोलसाठी (तुलनेच्या नमुन्यांसाठी) रिकामे ठेवले की ३२० संयुगं बसतात, म्हणजे १०,००० ला ३२ प्लेट. असेच्या प्लेटमध्ये ५० मायक्रोलिटरला ५० नॅनोलिटर टाकलं की १० मायक्रोमोलर आणि ०.१ टक्का डीएमएसओ. मूळ स्टॉक टूडी बारकोडच्या नळ्यांत, कामाच्या प्लेट वेगळ्या. मूळ नळी रोजच्या कामाला उघडायची नाही.

आता तुमचा प्रश्न. कीव्हची एनामाइन, सॅन दिएगोच्या केमब्रिज आणि केमडिव्ह, या तिघांकडून दर मागवा. पण १०,००० घेऊच नका. ३,००० घ्या आणि उरलेल्या पैशांत तपासणी, चांगली सीलं आणि हिटची पावडर बसवा. पहिला सराव तयार छोट्या संचावर करा: एमएमव्ही या मलेरियाच्या औषधांवर काम करणाऱ्या संस्थेने मलेरिया बॉक्सची ४०० संयुगं निकाल खुले करण्याच्या अटीवर फुकट वाटली होती, तसं सध्या काय मिळतंय ते त्यांना विचारा.

निविदेत ‘शुद्धता ९० टक्के’ एवढंच लिहिलं तर एल-१ वाला (सर्वांत कमी दर भरणारा) जिंकतो आणि तुम्ही जुना साठा उतरवून घेता. अटी अशा घाला: बॅचची विश्लेषण-तारीख गेल्या अमुक महिन्यांतली, तुमच्या यादृच्छिक ५ टक्के तपासणीत नापास झालेल्या नळ्या विनामूल्य बदलून, आणि हिट निघाल्यास किमान ५ मिग्रॅ पावडर ठरल्या दरात. या तीन अटी कोणत्याही समितीला नियमात बसवता येतात. ‘नियमात बसत नाही’ असं जे मला सांगत आले त्यांनी निविदेचा तांत्रिक भाग कधी उघडूनही पाहिला नव्हता.

थोडं राहिलं. पेन्स गाळणी (खोटे हिट देणाऱ्या रचना वेगळ्या काढणारी; बेल आणि हॉलोवे, २०१०) खरेदीआधी लावा, नाहीतर हळदीतल्या कर्क्युमिनसारखी सगळ्याच असेत चमकणारी संयुगं पदरात पडतील. पण ती आंधळेपणाने लावू नका, काही मंजूर औषधंही तिच्यात अडकतात. असेमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घातल्यावर हिट गायब झालं तर तो बहुधा गोळा होणाऱ्या कणांचा प्रताप. पेशींच्या असेत मात्र ट्रायटन घालू नका. वरचं सगळं नेहमीच्या छोट्या रेणूंसाठी आहे. फ्रॅगमेंट (त्याहूनही लहान रेणू) १०० मिलिमोलरला ठेवत असाल तर विद्राव्यतेचं गणित पुन्हा मांडा, आणि वनस्पतींचे अर्क असतील तर वेगळा प्रश्न टाका.