स्लॉपी जो : लिबलिबीत नव्हे, लपथपीत

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : ‘मुलं शाळेत खाऊन आली आणि मागे लागली, म्हणून आता शुक्रवारी रात्री मी घरीच स्लॉपी जो करते. साताऱ्याला सासूबाईंना कृती लिहून पाठवली. त्यात खिमा “लिबलिबीत” ठेवा असं लिहिलं, तर त्या म्हणाल्या, ऐकूनच खावंसं वाटेना. मग नेमका शब्द कोणता? आणि या पदार्थाला मराठी नाव द्यायचं तर काय द्यावं?’

स्लॉपी जो म्हणजे सॉसमध्ये आटवलेला खिमा बनमध्ये भरून खायचा अमेरिकी पदार्थ. ताई, सासूबाईंचा कान पक्का आहे. लिबलिबीत हा शब्द आपण नावं ठेवायलाच वापरतो. जास्त पिकून गेलेलं केळं लिबलिबीत होतं, पाणी घालून शिजवलेली भेंडी लिबलिबीत होते. बोटाला नकोसं वाटणारं, धड घट्ट नाही आणि धड पातळ नाही असं काही समोर आलं की हा शब्द तोंडातून निघतो. तुमचा खिमा मुद्दाम तसा ठेवलेला आहे, बिघडलेला नाही. त्याला हवा तो शब्द लपथपीत.

हे दोन्ही शब्द आपल्या त्या लाडक्या ‘-ईत’ घराण्यातले. कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत, झणझणीत, मिळमिळीत. पदार्थाचा आवाज किंवा स्पर्श घ्यायचा, तो दुहेरी करायचा आणि पुढे ‘ईत’ जोडायचं. बहुतेकांत एकच तुकडा जसाच्या तसा पुन्हा येतो, लपथपीतमध्ये मात्र ‘लप’नंतर ‘थप’ येतं. मला या शब्दात पळीवरून खिमा पावावर पडतो तो आवाजच ऐकू येतो : आधी सुटतो, मग थापल्यासारखा बसतो. गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘स्लॉपी’ही असाच कानाला ओलसर लागतो. ‘स्लॉप’ म्हणजे मुळात चिखल, राड, मग पातळ बेचव अन्न. त्याच्या शेजारीपाजारी पाहा : वितळत्या बर्फाचा ‘स्लश’, बुळबुळीत ‘स्लाइम’. त्यांच्याकडे ‘स्ल’, आपल्याकडे ‘ल’ : लिबलिबीत, लडबडलेला, लदबदलेला, लपथपीत.

पण इंग्रजीत एकटा ‘स्लॉपी’ जे काम करतो ते आपण वाटून दिलेलं आहे. माणूस स्लॉपी असेल तर तो गबाळा. काम स्लॉपी असेल तर ढिसाळ. कपडे ढगळ, 1940च्या दशकात अमेरिकेत पोरी घालत त्या सैल, मोठ्या स्वेटरलाही ‘स्लॉपी जो’च म्हणत. आणि खिमा लपथपीत. म्हणून कोणी ‘गबाळा जो’ असं भाषांतर सुचवलं तर घेऊ नका. ते माणसाचं वर्णन झालं, ताटातल्या वस्तूचं नाही.

आता लपथपीत म्हणजे नेमकं किती ओलं, हा खरा प्रश्न. इथे आपल्या स्वयंपाकघरातली भाषा फार बारीक आहे, आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. नुसतं ‘घट्टसर’ किंवा ‘मध्यम कन्सिस्टन्सी’ लिहून आपण ती हातची घालवतो आहोत. डब्यातली बटाट्याची भाजी मोकळी. भरल्या वांग्यांना अंगाबरोबर रस. म्हणजे वांगं वेगळं दिसतं आणि रस त्याला धरून राहतो. पिठलं पळीवाढं, म्हणजे पळीने वाढता येतं, ताटात हळूहळू पसरतं. भज्यांचं पीठ सरसरीत. लपथपीत या सगळ्यांत मोकळ्याच्या पुढे आणि पळीवाढ्याच्या अलीकडे. अंगाबरोबर रसापासून मी ते असं वेगळं करतो : तिथे फोड आणि रस दोन गोष्टी असतात, लपथपीतमध्ये त्या एकजीव झालेल्या असतात. खिम्याला तर फोड नसतेच, म्हणून त्याला हाच शब्द बसतो.

मोकळा आणि लपथपीत यातला फरक अमेरिकेतही जिव्हाळ्याचा आहे. आयोवा राज्यात ‘लूज मीट’ सँडविच मिळतं. मस्कटीन गावात 1926 साली सुरू झालेलं ‘मेड-राइट’ हे उपाहारगृह त्यासाठी ओळखलं जातं. त्यात खिमा शिजवून सुटा करून पावात भरतात, टोमॅटोचा सॉस घालत नाहीत. आपल्या भाषेत तो सरळ मोकळा खिमा. त्यात केचप, मोहरीचा सॉस, थोडी ब्राऊन शुगर आणि वुस्टरशर सॉस घालून आटवलं की स्लॉपी जो. त्याच आयोवातल्या सू सिटीत जो नावाच्या आचाऱ्याने हे पहिल्यांदा केलं असं सांगतात. क्यूबातल्या हवानात आणि फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ गावात ‘स्लॉपी जोज’ नावाचे बारही होते, म्हणून काही जण नावाचं श्रेय त्यांना देतात. 1969 साली ‘मॅनविच’ हा डब्यातला तयार सॉस बाजारात आला आणि हा पदार्थ तिथल्या घराघरात रात्रीच्या जेवणाला सोपा झाला.

मराठी नाव म्हणून ‘खिमा पाव’ चालेल का, हे तुमच्या मनात आलं असणारच. तो शब्द मला फार प्रिय आहे. ‘खिमा’ फारसीतून आला, त्याच्या मागे बारीक चिरणं या अर्थाचा तुर्की धातू आहे. ‘पाव’ पोर्तुगीज ‘पांव’वरून आला, पायाने तुडवतात म्हणून पाव ही लोककथाच. दोन परक्या शब्दांनी इथे मुंबईत इतका मराठी संसार थाटला आहे. तरीही स्लॉपी जोला ते नाव देऊ नये. खिमा पावात पाव शेजारी असतो, त्याचा तुकडा मोडून खिम्यात बुडवायचा, म्हणून रस थोडा जास्त असला तरी बिघडत नाही. मसालाही वेगळा. स्लॉपी जो बनच्या पोटात भरायचा असतो, दोन हातांनी उचलून खायचा असतो. रस जास्त झाला तर खालचा बन भिजून फुटतो. थोडं ओघळायला हवं, पण सगळं कोसळता कामा नये.

तेव्हा नाव ‘स्लॉपी जो’च राहू द्या. मराठी वाक्यात तो छान मुरतो : फोटोसारखाच, ‘जोचा’, ‘जोला’, ‘दोन स्लॉपी जो’. आपल्या ‘जो’ सर्वनामाशी गोंधळ होईल असं वाटतं, पण होत नाही. सर्वनामाचं ‘ज्याचा’, ‘ज्याला’ होतं, पाहुण्याचं ‘जोचा’ राहतं. फक्त तुमच्या राज्यात एक काळजी घ्या. उत्तर न्यू जर्सीतल्या डेलीत, म्हणजे सँडविचच्या दुकानात, ‘स्लॉपी जो’ मागितलात तर खिमा येणारच नाही. राय ब्रेडच्या तीन चकत्या, मध्ये थंड मांसाचे काप, कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर आणि रशियन ड्रेसिंग नावाचा सॉस, असं भलतंच सँडविच पुढ्यात येईल. तिथल्याच साउथ ऑरेंज गावच्या ‘टाउन हॉल डेली’ने ते प्रसिद्ध केलं. मुलांनी शाळेत खाल्लेला तो हा नव्हे.

सासूबाईंना आता असं लिहून पाठवा : ‘अर्धा किलो खिमा (तिथे मटणाचा किंवा कोंबडीचा घ्या) बारीक चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची घालून परता, गुठळ्या मोडा. सॉस घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं आटवा. खिमा लपथपीत झाला पाहिजे. पळी फिरवली की कढईचा तळ क्षणभर दिसावा आणि खिमा सावकाश परत मिटावा. तळ उघडाच राहिला तर मोकळा झाला, चमचाभर पाणी घाला. तळ दिसलाच नाही तर अजून पळीवाढा आहे, गॅस बंद करू नका.’